म्हातारा कुत्रा हवा

आमच्या शेजारचे काका कुत्र्याला 'अहो' म्हणायचे. 'अहो, चला.' 'अहो, तिथे नका बसू, लोकांची जायची वाट आहे.' पहिल्या आठवड्यात तर गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस 'मला म्हणताय का?' म्हणून मागे वळायचा. माझ्या सासूबाई मूळच्या मालवणच्या. परळच्या ह्या चाळीत पन्नास वर्षं काढली तरी त्यांच्या जिभेवरचं मालवण काही गेलेलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "ह्यो बाबा कुत्र्याक घोवासारखी हाक मारता!" घोव म्हणजे नवरा.

पण आधी काकांचं सांगते, नाहीतर कुत्र्याचं कळायचं नाही.

काका बसचे तिकीट तपासनीस होते, म्हणजे आपण ज्यांना चेकर म्हणतो ते. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली होती, पण ते नोकरीतून निवृत्त झाले होते, चेकरपणातून नाही. पांढरा फुल शर्ट, खिशाला पेन, आणि जिन्याच्या तोंडाशी हात मागे बांधून उभे. येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे नाही, आधी हाताकडे बघणार. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ते मला जिन्यात आडवे आले आणि मी, आईशप्पथ, पर्स उघडली होती. त्यांना ते काही विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, "असू दे, असू दे. मी शेजारी राहतो."

सगळ्यांना 'तुम्ही'. माझा मुलगा पाचवीत होता तेव्हा त्याला थांबवून विचारायचे, "तुमचा गणिताचा पेपर मिळाला का? दाखवा." तो बिचारा दप्तर उघडून दाखवायचा. बापाला दाखवला नसेल तो पेपर काकांनी आधी बघितलेला असायचा. पण घरी येऊन चुगली कधी केली नाही. तपासलं, परत दिलं, संपलं.

आणि माणसाने कुणाकडे काही मागितलं नाही. लग्न केलं नाही, एकटा जीव, तरी कधी 'जरा दूध तापवून ठेवा' नाही, 'दळण आणता का' नाही. सत्तरी उलटल्यावरसुद्धा गॅसचा सिलिंडर स्वतः खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढवायचे. एकदा जिन्यात घसरून पडले. माझे यजमान धावले तर हात वर करून म्हणाले, "मी उठतो. तुम्ही फक्त बघत राहा." दाराला चिठ्ठ्या लावायची तर त्यांची जुनी खोड. 'घरी आहे. झोपलो आहे.' 'दादरला गेलो आहे. सव्वाअकराला येईन.' 'ताप आहे. डॉक्टरांकडे जाऊन आलो. चौकशी नको.' ही शेवटची चिठ्ठी वाचून मला इतका संताप आला होता की मी पेज करून त्यांच्या दाराशी आपटून ठेवून आले. पातेलं संध्याकाळी घासूनपुसून आमच्या उंबऱ्यावर. वर चार केळी.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन गॅलरीच्या खिडकीशी. त्यामुळे ह्या गॅलरीत काय चालतं ते मला दिसतं, आणि न दिसलेलं सासूबाई सांगतात.

तर एका सोमवारी जिन्यात चिठ्ठी लागली. 'दुसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीत एक वयस्क कुत्रा आणण्यात येत आहे. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.' कुणी कळवलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. मी विचारलं, "काका, हे काय नवीन? आणि वयस्क कशाला? आणायचं तर पिल्लू आणा की गोडसं."

"म्हातारा कुत्रा हवा," ते म्हणाले. "मी चौऱ्याहत्तरचा. माझ्यामागे कुणी उरायला नको. दोघांची मुदत साधारण बरोबर संपली पाहिजे."

म्हटलं, ही काय बोलायची पद्धत! पण ते चेष्टा करत नव्हते. त्यांना चेष्टा येतच नव्हती.

वडाळ्याला मिठागरांच्या बाजूला एक बाई टाकून दिलेली कुत्री सांभाळायची, जुन्या गोदामात. तिथे जाऊन काकांनी विचारलं, सगळ्यात म्हातारा कोण. त्या बाईने एक दाखवला. कुणीतरी हौसेने घेतलेला, मोठ्या जातीचा, लोंबत्या कानांचा, आणि मग बंद दुकानाच्या शटरला बांधून गेलेला. दोनच दिवस झाले होते येऊन. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तोंडावर पांढरे केस. बाकीची कुत्री भुंकून गोदाम डोक्यावर घेतायत आणि हा पंजावर हनुवटी ठेवून बसलेला. तिथली मुलगी म्हणाली, सात-आठ वर्षांचा तरी असेल, काका, बघा ना किती शांत आहे. कागदावर लिहिलं, 'वयस्क, शांत.' डॉक्टर त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा यायचा आणि त्याची वाट काकांनी बघितली नाही. टॅक्सीवाले घेईनात म्हणून दोघं चालत परळला आले.

चाळीतल्या पोरांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. काकांनी नाव ठेवलंच नाही, त्यांचं 'अहो'वर भागत होतं.

एवढा गुणी कुत्रा मी बघितला नाही हो. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. पोरांनी कान ओढले तर कान त्यांच्या हातात देऊन बसायचा. दिवसातून सोळा तास झोप. आम्ही म्हणायचो, वय झालंय. जिना चढताना पाय एकमेकांत अडकायचे. म्हणायचो, गुडघे गेलेत. दोनदा गॅलरीतच शू केली. सासूबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्याक धरवता काय? माका इचार." पट्टा महिन्याभरात आवळायला लागला तेव्हा काकांनी नवा आणला आणि म्हणाले, अंगाला लागतंय खाल्लेलं. लागत होतंच. उंचीही वाढत होती, पण ते बघायचं कुणाला सुचलं नाही.

आणि मग दात पडला.

काकांनी तो हातावर घेऊन मला दाखवला. छोटासा, तांदळाएवढा. त्यांची स्वतःची कवळी होती, त्यांना त्या दाताचं फार वाईट वाटलं. चार दिवसांनी दुसरा पडला, मग आणखी दोन. काकांनी पोळी देणं बंद केलं. रोज सकाळी मऊ भात, डाळीचं पाणी, कुस्करून कुस्करून. मी खिडकीतून बघायचे, हा माणूस उकिडवा बसून कुत्र्याला सांगतोय, "सावकाश. घाई नाही. मला पण चाववत नाही." सासूबाई सगळ्या गॅलरीला सांगत सुटल्या की आता हा काही दिवाळी बघत नाही. एक दिवस त्यांनी नातवाकडून त्याच्यासाठी आपली जुनी गोधडी पाठवली, सुतकी चेहऱ्याने. इतकी सगळी अक्कलवान माणसं आम्ही. मी दोन पोरांचे दुधाचे दात कौलावर फेकायला गावाला पाठवलेली बाई! मला तरी कळावं की नाही?

पाच दिवस तो नीट जेवला नाही, नुसता चपला चावत राहिला. तेव्हा काकांनी लालबागच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. चाळीतून बाहेर काढताना कुत्रा एका बाजूला, पिशवी एका बाजूला, आणि पुलाखालची गर्दी. मी म्हटलं मीही येते, मला तिकडून दोरे घ्यायचेत. दोरे घ्यायचे नव्हते. पण 'मदतीला येते' म्हटलं असतं तर घेऊन गेले नसते.

डॉक्टर तरणाबांड होता. त्याने आजोबाचं तोंड उघडलं, ओठ वर केला, बॅटरीने बघितलं आणि हसायला लागला.

"काका, कोण म्हणालं म्हातारा? हा पाच-सहा महिन्यांचा आहे. दुधाचे दात पडतायत, खाली बघा, नवीन येतायत. पिल्लू आहे हो हे! अजून निम्मा वाढायचाय."

"तोंडावरचे पांढरे केस?" काकांनी विचारलं.

"तो त्याचा रंग आहे."

"शांत आहे."

"काही असतात शांत. नशीबवान आहात. दहा-एक वर्षं तरी कुठे जात नाही हा."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबून हसले. आजोबा! अख्ख्या चाळीने ज्याच्या मरणाची तयारी केली होती तो अजून पाळण्यातला! काकांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. माणसाचा चेहरा उतरला होता. त्यांनी फक्त विचारलं, "दहा?"

बाहेर पायरीवर ते बसले. कधी असे रस्त्यात बसायचे नाहीत. आजोबा त्यांच्या बुटावर डोकं ठेवून पडला. काका समोर बघत म्हणाले, "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तिथून नोकरी लागेपर्यंत सात घरं बदलली. एक मामा ठाकूरद्वारला, एक काका माहीमला, एक आत्या. सगळी चांगली माणसं होती. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त प्रत्येक घरी जेवायला बसलो की आधी बघायचो, ताट माझ्यासाठी मांडलंय का."

मग उठले, पट्टा हाताला गुंडाळला आणि घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी. 'कुत्रा रविवारी परत देण्यात येईल.'

गॅलरीत नुसता गलका झाला. काका, असं कसं? आम्ही आहोत ना! एवढी माणसं आहोत आम्ही! चाळीचा कुत्रा आहे तो, त्याला काय कमी पडणार आहे? मीही त्यात होते. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणत होते. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं गाडीत चढलो. गर्दीत कुणालाही विचारा, तिकीट कुठे? तर म्हणणार, मागच्याने काढलंय. मागच्याला विचारा, तो म्हणणार, त्याच्या मागच्याने. शेवटच्या माणसाजवळ जावं तर तिकीट कुणाकडेच नसतं. आम्ही आहोत म्हणजे कोण? मला एक नाव सांगा."

कुणाची खोली लहान, कुणाची सून बाळंतपणाला यायची, कुणाला दमा. सगळी कारणं खरी होती. माझ्याकडेही होती. दहा बाय सोळाची खोली, त्यात आम्ही पाच माणसं, शिवणाचं मशीन, आणि सासूबाईंचे देव. मी खाली मान घालून घरात गेले आणि मशीनवर बसले. त्या दिवशी तीन फॉल उलटे लावले.

रात्री यजमानांना नुसतं झालं ते सांगितलं, तर ते म्हणाले, "अगं, तो वासराएवढा होणार. ठेवायचा कुठे, पोटमाळ्यावर?" बरोबरच होतं त्यांचं.

रविवारी सकाळी काकांनी आजोबाला आंघोळ घातली. पिशवीत त्याची ताटली, जुना पट्टा, सासूबाईंची गोधडी नीट घडी करून घेतली. सगळी गॅलरी आपापल्या दारात उभी. काका म्हणाले, "अहो, चला." आणि तो उठला, शेपूट हलवत निघाला. जराही मागे ओढलं नाही. त्याला वाटलं असणार फिरायला चाललोय. मला त्या कुत्र्याचा असा राग आला! मेल्या, एकदा तरी अडून बस, पाय रोव, भुंक तरी! कुणीतरी काहीतरी करायला नको का? पण तो आपला शहाण्यासारखा एकेक पायरी उतरत होता.

मी गळ्यात टेप, ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या, तशीच जिन्यात धावले.

"काका, थांबा. माझं नाव लिहा."

ते वळले. नेहमीप्रमाणे आधी माझ्या हाताकडे बघितलं.

"घरात विचारलंत?"

"नाही."

"मग विचारून या. मी इथे थांबतो."

माणसाने विरघळावं की नाही? छे! एवढी मी धावत आले तर तपासणी! दणदणत परत गेले. यजमान माझा चेहरा बघून म्हणाले, "मी काही म्हणत नाही बाई, आईला विचार." सासूबाई मोरीत बांगडे साफ करत बसल्या होत्या. मी सांगितलं सगळं. त्या बराच वेळ बांगड्याचं पोट साफ करत राहिल्या.

"किती वर्सां म्हणालो डॉक्टर?"

"दहा."

"तोपर्यंत मी खंय आसतलंय? सांग जा त्यांका, हो म्हणान." मी वळले तर मागून ओरडल्या, "पण माझ्या देवांकडे येवक नको हां!"

वीस मिनिटं काका जिन्याच्या वळणावर तसेच उभे होते, हात मागे, आणि आजोबा शेजारी. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, देवांच्या अटीसकट. त्यांनी त्या निवाऱ्याचा कागद काढला, मागच्या बाजूला लिहिलं 'माझ्यानंतर', पुढे माझं पूर्ण नाव, आणि माझ्याकडून सही घेतली. आभार वगैरे काही नाही. पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "उद्यापासून चार वाजता."

"काय चार वाजता?"

"सराव."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला ते आजोबाला घेऊन आमच्या दारात. "ह्यांना पाच वाजेपर्यंत इथे बसू दे. मी नसताना." आणि स्वतः पलीकडे जाऊन दार लावून घेतलं. म्हणजे मी काय सांगतेय लक्षात घ्या. आमची नि त्यांची भिंत एक. पहिले पंधरा दिवस आजोबा त्या भिंतीला नाक लावून पडायचा. आणि भिंतीच्या पलीकडे हा माणूस तासभर खुर्चीत नुसता बसून राहायचा. नळ सोडायचा नाही, रेडिओ नाही, खोकला आला तर गिळायचा. आपण आहोत हे कुत्र्याला कळू नये म्हणून. एकदा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "काल शिंकलो. चूक झाली."

मी म्हटलं, "अहो काका, जिवंत माणसाने असं मेल्यासारखं बसायचं असतं का? इथे येऊन बसा, चहा घ्या."

"मग सराव कसला?"

एक दिवस सुट्टी नाही. गणपतीत नाही, दिवाळीत नाही. आजोबा घोड्याएवढा झाला. हळूहळू भिंत सोडून माझ्या पायाशी, मशीनच्या खाली बसायला लागला. पुढे पुढे तर चार वाजले की काकांना आणावं लागेना, स्वतःच येऊन दार ढोसायचा. पहिल्यांदा असा आला त्या दिवशी काका दारात उभे राहून माझ्याकडे बघत म्हणाले, "जमलं." आणि खूश होऊन गेले. मला मात्र त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. तीन वर्षं हे चाललं. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर म्हणतील वेडा माणूस. होताच वेडा.

मागच्या फेब्रुवारीत एक दिवस ते सकाळी साडेनऊलाच आले, आजोबाला घेऊन.

"आज जरा लवकर. छातीत भरल्यासारखं वाटतंय, दाखवून येतो."

मी मशीनवरून उठले. "थांबा, ह्यांना पाठवते बरोबर."

"कशाला? खाली टॅक्सी मिळते." आणि खोलीची किल्ली मशीनच्या फळीवर ठेवली. मी यजमानांना मागून पिटाळलं. त्यांनी खालच्या नाक्यावर त्यांना गाठलं आणि टॅक्सीत शेजारी बसले. काका नको म्हणाले नाहीत. यजमानांनी टॅक्सीतून फोनवर हे सांगितलं, तेव्हाच मी मशीन बंद केलं.

तीन वाजता यजमानांचा फोन आला. काका गेले होते.

मी रडले नाही तेव्हा. सासूबाई रडल्या, मग शेजारी सांगायला गेल्या, मग खालच्या मजल्यावर गेल्या. मी आजोबाजवळ खाली बसले. तो झोपला होता, पोट खालीवर होत होतं. काकांच्या मनासारखं झालं होतं सगळं. कुत्रा सवयीच्या घरात, सवयीच्या जागी, निवांत. कुठे शोधाशोध नाही, विव्हळणं नाही. मला वाटलं, जिंकला हो हा माणूस.

पाच वाजले. आजोबा उठला, अंग झाडलं, आणि दाराशी जाऊन उभा राहिला. घरी न्यायला येतील म्हणून.

तीन वर्षं रोज चार वाजता त्याला माझ्याकडे आणलं, आणि तीन वर्षं रोज पाच वाजता परत नेलं. एवढा काटेकोर माणूस, सगळ्या जगाला तपासणारा, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नाही? माझ्याही आलं नाही! मला इतका राग आला, इतका राग आला, आणि मग रडू फुटलं. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता, दार उघड म्हणून.

काय करणार? किल्ली घेतली, त्यांचं दार उघडलं. तो आत गेला. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, खुर्चीचा वास घेतला. मग खुर्चीसमोर बसला. मीही त्याच्याशेजारी फरशीवर बसले. भिंतीपलीकडून आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता, घड्याळसुद्धा. म्हणजे रोज त्यांना माझं सगळं बोलणं ऐकू येत असणार, मी कुत्र्याशी बोलायचे तेसुद्धा.

दिवे लागायच्या वेळेला सासूबाई आम्हाला शोधत आल्या. दारातून बघितलं, आत आल्या, आणि आजोबाच्या पट्ट्याला हात घातला. त्या दिवसापर्यंत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता.

"उठा आता दोघांव," त्या म्हणाल्या. "घराक चला."